मांडवाची घरपट्टी

घरातल्या कार्यात जेवणं आटोपली की विड्यांचं तबक फिरतं आणि तबकामागोमाग माझी पाळी येते. "भाऊसाहेब, ती विहिरीत चप्पल पडल्याची सांगा," "ती चुकीच्या लग्नात जेवून आल्याची सांगा." सगळ्या गोष्टींत फजिती माझीच असते, त्यामुळे कुणाला राग येत नाही. ही एक गोष्ट मात्र मी अजून कुठल्याच कार्यात सांगितलेली नाही. ती सांगायची तर समोरच्या सतरंजीवर काकी बसलेली असणार, आणि तिला त्यात हसण्यासारखं काही सापडणार नाही.

काकी म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको. पंचाहत्तरी ओलांडलेली, ताठ, तोंडाची फटकळ. तिचं घर आणि माझं घर यांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. मुलगा मुंबईला, गणपतीत आणि मे महिन्यात येतो. काका गेले तेव्हापासून तिच्या घरी आलेला कागद ती वाचतसुद्धा नाही. गडग्यावरून हात लांबवते आणि म्हणते, "हे तुझं." वीजबिल असो, बँकेचं पत्र असो, हयातीचा दाखला असो. बाई रोज पोथी वाचते, हिशेबात मला चार वेळा विकेल. पण सरकारी कागदावर तिची सही मी बोट ठेवीन तिथे होते. न वाचता. मी शहरातल्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. तिथे माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकत नाही. मुख्याध्यापक तर माझी बेरीजसुद्धा पुन्हा करून बघतात.

आमची वाडी रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडी वर आहे. सोळा घरं. सोळा घरांचे फॉर्म मीच भरत आलो. मला त्याचा अभिमान होता, हे आताच कबूल करून टाकतो.

कराच्या बाबतीत मी पहिल्यापासून जरा वेडाच. आयकर माझ्या पगारातून परस्पर कापला जातो. कापायच्या आधीचा माझा पगार दिसायला कसा असतो हे मी फक्त पावतीवर वाचलंय. बिस्किटाच्या पुड्यावर कर, पेट्रोलवर कर, मुलीच्या लग्नाला हॉल घेतला त्याच्यावर कर. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती टपरीवर चहा पिताना करायची, आणि बहुतेक त्या चहातही कुठेतरी कर असणार. घरपट्टी तेवढी अशी, जी मी स्वतःच्या पायानं जाऊन स्वतःच्या हातानं भरतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत जायचं, नवं पावतीपुस्तक फोडायला लावायचं. माझा पावती क्रमांक कधी एक, कधी दोन. दोन आला त्या वर्षी मी घरी येऊन धड जेवलो नव्हतो.

गावात बाकी काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक. भरणारे भरतात, न भरणाऱ्यांकडे कुणी जात नाही. दिवाबत्तीचा कर सगळ्यांना सारखा. आमच्या चढणीवरच्या खांबाला दिवा मात्र फक्त मतदानाच्या आसपास लागतो. वळणावर एका गृहस्थानं पर्यटकांसाठी आठ खोल्या बांधल्या, पुढे पत्र्याची लांबलचक शेड टाकली, त्यात जेवणाची टेबलं मांडली. पंचायतीच्या दप्तरात त्या सगळ्याची नोंद 'गोठा' अशी आहे. वडिलांच्या वेळी तिथे खरंच गोठा होता.

दर चार वर्षांनी आकारणी नव्यानं करायची वेळ येते. गेल्या खेपेला ती आली तेव्हा पंचायतीनं ग्रामसभेत जाहीर केलं की कर कसा सुधारावा याबद्दल नागरिकांनी सूचना द्याव्यात. अशा वेळी नागरिक वडाखाली तंबाखू मळतात. मी अकरा पानं लिहिली. पट्टीच्या बिलामागे गेल्या वर्षीचा खर्च छापा. वेळेवर भरणाऱ्याला थोडी सूट द्या. दिवे जितके लागतील तितकाच दिवाबत्ती कर घ्या. आणि मुख्य म्हणजे, मोजणी करायला माणसं पाठवून चहापाण्यात तडजोडी होण्यापेक्षा ज्याच्या त्याच्याकडून लिहून घ्या, की माझ्या घरी छपराखाली एवढी जागा आहे. माणसावर विश्वास टाका, माणूस खरं लिहील. हे वाक्य मी अधोरेखित केलं होतं.

बायकोनं कागदांचा गठ्ठा हातात तोलून पाहिला. "लग्न ठरल्यावर मला तुमचं दोन ओळींचं पत्र आलं होतं," ती म्हणाली.

आठवडाभरानं सरपंच घरी आला. सरपंच म्हणजे माझा शाळेतला सोबती. चौथीपासून एका बाकावर. माझ्या वहीत बघून तो गणितात पास होत गेला आणि त्याच्या धाकानं मला कधी कुणी मारलं नाही. असा आमचा जुना, दोघांनाही परवडणारा व्यवहार. ओटीवर बसून त्यानं कोकम सरबताचे दोन पेले संपवले आणि माझी अकरा पानं मांडीवर ठेवून म्हणाला, "मेल्या, तू इथे काय करतोस? तू मंत्रालयात हवास."

माझ्यासारख्या माणसाला गार करायला एवढं पुरतं.

"घरोघर लिहून घ्यायचं, हे मला पटलंय," तो म्हणाला. "पण लोक देणार नाहीत. त्यांना वाटणार पट्टी वाढायची. तुझ्या वाडीपासून सुरुवात करू या. तू सांगितलंस तर सोळाच्या सोळा घरं देतील."

"आणि वाढणार नाही ना?"

"अरे, खरं सांगणाऱ्याची पट्टी वाढवून मी तोंड कुठे दाखवू? मला परत निवडून यायचंय."

मी थोडा विचार केला आणि मला वाटतं माझ्या आयुष्यातला सर्वांत महागडा प्रश्न विचारला. "मांडवाचं काय करायचं?"

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी दोन शब्द सांगायला हवेत. दिवाळी झाली की आम्ही घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, खणून, पाणी मारून, चोपून, सारवून घेतो. मग त्यावर पोफळीच्या मेढी रोवायच्या, वर बांबू आडवे बांधायचे आणि त्यावर नारळाचे विणलेले झाप अंथरायचे. तो मांडव. ऊन वाढायला लागलं की घर माजघरातून उठून मांडवात येतं. जेवणं तिथे, झोपणं तिथे, पाहुणे तिथे. पाऊस यायच्या आत सगळं उतरवायचं. मेढी कोरड्यात रचायच्या, जुने झाप चुलीत. म्हणजे ही वस्तू वर्षातले सात महिने असते आणि पाच महिने नसते. काकीचा मांडव तर वाडीचाच. दुपारी तीनच्या सुमाराला बायका तिथे जमतात, कोकमं फोडतात, फणसाचे गरे काढतात, आणि गावात पुढे काय होणार ते ठरवतात.

आणि सरपंचानं सोबत आणलेल्या आकारणीच्या फॉर्मवर मी छापलेलं वाचलं होतं: 'छपराखाली येणारी सर्व जागा'. मांडव हे छप्परच. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे आलं नसतं. दुसरा कुणी मांडव लिहिलाच नसता.

सरपंच क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लिही की. शेऱ्याच्या रकान्यात 'हंगामी' असं लिही. आपण सोडून देऊ तो. उलट लोकांना दिसेल, किती खरेपणानं लिहिलंय."

"शब्द?"

"शब्द," तो म्हणाला आणि तिसरा पेला मागितला.

मग मी टेप घेऊन वाडीत फिरलो. रविवारी सकाळी, इस्त्रीचा सदरा घालून. प्रत्येकाचा मांडव मोजला. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं, 'हंगामी. पावसाळ्यात नसतो.' लोक हसत होते, पण लिहू देत होते.

वळणावरच्या गृहस्थाकडेही गेलो. त्याचं घर आमच्या सोळांत नाही, पण मला उत्साह फार. त्यानं फॉर्म घेतला, वाचला, त्याची चौपदरी घडी केली आणि माझ्यासमोर वाकून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

"भाऊसाहेब, आमच्याकडे गोठा आहे. गोठाच राहू दे."

"गोठ्याला एसी बसवलाय तुम्ही."

"मग? जनावरांना उकडत नाही?"

शेवटी काकीकडे गेलो. ती सुपाऱ्या निवडत बसली होती.

"मांडव लिहायचा?" ती म्हणाली. "तो काय घर आहे?"

"छप्पर आहे ना, काकी."

"मग माझी छत्री पण लिही. ती काळी, मोडकी."

"काकी, खरं तेवढं लिहायचं. म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. सरपंचाचा शब्द आहे, पट्टी वाढायची नाही."

तिनं हात पदराला पुसले, चष्मा लावला, आणि कागदाकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, "वाढायची नाय ना नक्की?"

"मी सांगतोय ना."

"मग कर. कुठे करू सही?"

मी बोट ठेवलं. तिनं सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत मला शाल आणि नारळ मिळाला. सरपंच म्हणाला की सोळापैकी सोळा घरांनी स्वतःहून माहिती देणारी आपली ही पहिली वाडी, आणि त्याचं श्रेय कुणाला जातं ते मी सांगायला नको. मी मान खाली घालून बसलो होतो. विनयानं बसलोय असं दिसावं म्हणून. फोटोत मात्र मी हसतोय.

पंधरा दिवसांनी नवी बिलं आली.

पंचायतीचा शिपाई काकीकडे आधी गेला. मी ओटीवर पेपर वाचत होतो. गडग्यावरून हात आला.

"हे तुझं," काकी म्हणाली. मग तिनं हात जरा मागे घेतला. "ह्यात एक शून्य जास्त पडलंय का, ते बघ आधी."

शून्य जास्त नव्हतं. पट्टी जवळजवळ तिप्पट होती. घराच्या ओळीखाली नवी ओळ छापलेली: 'पत्र्याची शेड', आणि पुढे तिच्या मांडवाची लांबी-रुंदी. मी स्वतः टेप धरून घेतलेली.

"चूक आहे," मी म्हटलं. "दुरुस्त होईल."

"कधी?"

"लगेच. मी आजच जातो."

पंचायतीत कॉम्प्युटरवर एक मुलगी बसते. माझ्याच शाळेत शिकलेली. तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सर, ह्यात छपराचे प्रकार दिलेले असतात. स्लॅब, कौलं, पत्रा. झाप नाही त्यात. मग पत्रा घेतला."

"अगं, पण मी शेऱ्यात लिहिलं होतं. लाल शाईनं. हंगामी म्हणून."

"शेऱ्याचा रकानाच नाही हो सर ह्यात."

"मग मी लिहिलेलं गेलं कुठे?"

"कागदावर आहे की," ती म्हणाली, आणि खरोखरच कपाटातून गठ्ठा काढून दाखवायला उठली. तिचा काही दोष नव्हता. मी तिला बस म्हटलं.

तोवर वाडीत बिलं पोचली होती. संध्याकाळी मी चढण चढून येईपर्यंत माझी भाऊसाहेबकी संपली होती. एकानं गडग्यावरून विचारलं, "भाऊसाहेब, आमच्या कोंबड्यांचं खुराडं राहिलं मोजायचं. टेप आणताय?" दुसरा म्हणाला, "शाल पांघरून या हो, गार पडलंय." फेब्रुवारीत रत्नागिरीत किती गार पडतं ते तुम्हाला माहीतच आहे. बायकोनं मात्र ती शाल घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवली.

सरपंच म्हणाला, "हरकत घ्या. रीतसर सुनावणी लावतो. तिथे सुटेल सगळं." मी सोळा हरकती लिहिल्या. काकीच्या हरकतीवर तिनं सही केली, पण या वेळी चष्मा लावून आधी अर्धं पान वाचलं. मी बोट ठेवून तसाच उभा होतो.

सुनावणी पंचायतीच्या हॉलमध्ये, शिमग्याच्या आधी. सोळा घरांतली माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. काकी पुढच्या रांगेत, घडीचं लुगडं नेसून. मी उभा राहिलो आणि मांडव म्हणजे काय, तो कधी उभा राहतो, कधी उतरतो, हे सगळं व्यवस्थित सांगितलं. पत्रा आणि झाप यातला फरक सांगितला. बोलणं चांगलं झालं, असं मला वाटलं.

सरपंचानं समोरची फाइल उघडली. त्यात माझी अकरा पानं होती.

"वाचतो," तो म्हणाला. "'छपराखालची जागा ती जागा. त्यात अपवाद ठेवले की पळवाटा सुरू होतात. एकाला दिलेली सूट म्हणजे दुसऱ्यावर केलेला अन्याय.' हे कुणी लिहिलंय, भाऊसाहेब?"

ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एसीवाला गोठा होता. पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

"मी," मी म्हटलं.

सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. काकी वळली नाही.

"ग्रामसभेनं तुमचंच म्हणणं मंजूर केलं," सरपंच म्हणाला. आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता. उलट एखाद्याचा सत्कार करावा तसा बोलत होता. "ज्यांनी माहिती दिली त्यांची आकारणी नवी. ज्यांनी दिली नाही त्यांची जुनीच चालू राहील, पुढच्या खेपेपर्यंत."

"म्हणजे ज्यांनी लपवलं ते सुटले?" मागून कुणीतरी ओरडलं.

"लपवलं असं कसं म्हणता येईल? माहिती अप्राप्त आहे."

तेवढ्यात काकी उठली. "एवढंच सांग मला, मांडवच नसला तर पट्टी नाय ना?"

"मांडवच नसला तर पट्टी कशाची हो, काकी? काढून टाका, फोटो घ्या, अर्ज द्या."

लोक पांगल्यावर मी त्याला बाहेर, पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. "तू शब्द दिला होतास," मी म्हटलं. माझा आवाज चौथीतल्या मुलासारखा लागला. मलाच तो ऐकवेना.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "नळाच्या पंपाचं बिल थकलंय. लाइन तोडायला येणारेत. पैसे कुठून आणू? वळणावरचा भरणार आहे? त्याच्याकडे माणूस पाठवला तर तो कोर्टात जातो. तुमची वाडी भरते. तुम्ही कुरकुरता, पण भरता."

"म्हणजे तुला तेव्हाच ठाऊक होतं. ओटीवर बसला होतास तेव्हा."

"तू सूट मागायला आला असतास तर दिली असती रे," तो म्हणाला. "सोळा घरांची सूट मला जड नव्हती. तू सुधारणा मागितलीस." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी काढला नाही, याचंच मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीनं मांडव उतरवायला घेतला. वाडीतल्या बाकीच्यांनी आपापले ठेवले. शिव्या घालत का होईना, पट्टी भरू म्हणाले. काकीला ते पटेना. "जे नाय त्याची पट्टी कुणी मागणार नाय," ती म्हणाली. ऐन ऊन सुरू होत होतं आणि आम्ही मांडव काढत होतो. मी स्टुलावर उभा राहून दोऱ्या सोडत होतो, ती खाली झाप ओढून घेत होती. तिसऱ्या प्रहरी खळं भकभकीत उघडं पडलं. मी चारी कोपऱ्यांतून फोटो काढले. एका फोटोत काकी आली. डोळ्यांवर हात धरून उभी. तोच फोटो मी अर्जाला लावला, तिला बरं वाटेल म्हणून.

दुपारच्या बायका तीन-चार दिवस आल्या. काकीच्या ओटीवर दाटीवाटीनं बसल्या. मग कुणाच्या पाठीत कळ यायला लागली, कुणाला उकडायला लागलं. आणि त्या हळूहळू दुसऱ्यांच्या मांडवांत जाऊन बसायला लागल्या. काकी एकटीच खळ्याच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन काजूच्या बिया वाळत घालायची.

अर्जाचं उत्तर एप्रिलमध्ये माझ्या पत्त्यावर आलं. अर्ज मी लिहिला होता ना. चार ओळी. 'सदर बदलाची नोंद घेण्यात आली असून पुढील आकारणीच्या वेळी विचार करण्यात येईल.' पुढील आकारणी म्हणजे चार वर्षांनी. तोवर नसलेल्या मांडवाची पट्टी चालू.

ते पत्र मी आठ दिवस पंचांगात घालून ठेवलं. का, ते सांगता येणार नाही. म्हणजे सांगता येईल: मला भीती वाटत होती. काकी रोज गडग्यावरून विचारायची, "आलं का रे काही?" आणि मी म्हणायचो, "येईल, येईल." नवव्या दिवशी बायकोनं पंचांग उघडलं, कुठलीतरी तिथी बघायला. पत्र वाचलं, परत तिथेच ठेवलं. "सरपंचानं तुम्हाला फसवलं, कबूल," ती म्हणाली. "पण हे आठ दिवस तुमचे आहेत."

मी पत्र घेऊन गडग्याला वळसा घालून गेलो. काकी उन्हातच बसली होती. मी पत्र वाचून दाखवलं. तिनं दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं.

"म्हणजे मांडव नाय, पण पट्टी आहे."

"हो."

"चार वर्षं."

"हो."

"मी तेवढी जगले तर चौथ्या वर्षी विचार करतील."

मी पत्राची घडी घातली.

"तुला माहीत होतं हे?"

"नाही काकी, देवाशपथ. मी त्याला आधी विचारलं होतं. त्यानं मला शब्द दिला होता."

"त्यानं तुला दिला," ती म्हणाली. "मला तू दिलास. मी काय सरपंचाकडे विचारायला गेले होते?"

यावर मी बरंच काही बोललो. शेऱ्याचा रकाना, स्क्रीन, पंपाचं बिल. ती ऐकत होती आणि बिया पालथ्या करत होती. शेवटी मी थांबलो, तेव्हा म्हणाली, "पत्र ठेव इथे. पोथीत ठेवते."

घरी आलो आणि बसून वर अपील लिहिलं. तालुक्याला करता येतं तसं. या वेळी दोनच पानं. सुधारणेची एक ओळ नाही, सत्य परिस्थिती तेवढी. खाली सोळा सह्यांसाठी सोळा ओळी आखल्या आणि वाडीत निघालो.

पहिल्या घरी म्हणाले, मुलगा मुंबईहून आला की बघू. दुसऱ्या घरी म्हणाले, आधीच्या सहीनं पट्टी तिप्पट झाली, या सहीनं घर जाईल. तिसऱ्या घरी चहा दिला आणि कागद पुढे केला तसा टीव्हीचा आवाज वाढवला. एक म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही माणूस चांगले. पण तुमचं अक्षर फार वाचण्यासारखं आहे हो." चौदा घरं झाली. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

पंधरावं घर काकीचं. सोळावं माझं.

खळ्यात दोन गडी होते आणि मेढी पुन्हा रोवल्या जात होत्या. जुन्याच खड्ड्यांत. काकी नव्या झापांचा भारा सोडत होती.

"काकी, हे काय?"

"पट्टी भरायचीच आहे तर सावली कशाला सोडू?" ती म्हणाली. "आणि सात महिने नाय. बारा महिने ठेवणारे. पैसे बारा महिन्यांचे घेतात ना ते?"

"पावसात झाप कुजतील."

"कुजू देत. परत घालीन. धर ती काठी."

मी कागद सदऱ्याच्या खिशात घातला आणि काठी धरली. अर्धा मांडव होईपर्यंत आम्ही कामाचंच बोललो. ही ओढ, ती सोड, तिकडे उतार पडतोय. गडी पाणी प्यायला गेले तेव्हा मी कागद काढला, तिच्यापुढे धरला. काय आहे ते सांगितलं. तालुक्याचा साहेब वेगळा आहे, गावातला नाही, हेही सांगितलं. पेनाचं टोपण उघडून ठेवलं.

तिनं कमरेचा चष्मा काढला. दोन्ही पानं वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळीवर बोट फिरवत. ते बोट तिचं होतं. वाचायला तिला बराच वेळ लागला.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "सगळं खरं आहे."

"मग इथे..."

"सही नाय करायची मी."

"राग आहे का, काकी?"

"राग कशाला? राग असता तर तुला काठी धरायला दिली असती?" तिनं कागदाची माझ्यासारखीच नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "राग नाय. पण सही नाय. तुझ्या शब्दावर परत सही नाय करवत रे माझ्याच्यानं. बघ, ते आले पाणी पिऊन. तिकडचं टोक धर."

मी टोक धरलं. संध्याकाळपर्यंत मांडव उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला बायका परत येऊन बसल्या.

त्याच आठवड्यात मी रजा टाकून तालुक्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसानं दोन्ही पानं चाळली, मग शेवटचं पान उजेडाकडे धरलं.

"सोळा ओळी आखल्यात. बाकीच्या सह्या कुठे आहेत?"

"नाहीत," मी म्हटलं. "एकच आहे. माझी."

त्यानं रिकाम्या पंधरा ओळींवरून एक तिरकी रेघ मारली, नंतर कुणी भर घालू नये म्हणून, आणि शिक्का उमटवून पोच माझ्या हातात दिली.